पडवीच्या भिंतीवरचे सत्तावन्न

४ मार्च १९३५, सोमवार

ह्यांचा ताप अजून आहेच. एक दिवसाआड हीव भरते, दात वाजतात, मग घाम, मग झोप. डॉक्टरांनी महिनाभर शाळा नको म्हणून सांगितले. शाळेत रजेचा अर्ज गेला. पिंजऱ्याला रजा नाही.

अंगणातला तो पांढरा पिंजरा सरकारी. आत उष्णता मोजायच्या चार काचनळ्या, दोन उभ्या (एक सुकी, एक ओल्या फडक्याची), दोन आडव्या. आडव्यांतली एक दिवसाची सर्वांत जास्त उष्णता धरून ठेवते, दुसरी रात्रीची सर्वांत कमी. सकाळी आठला वाचायचे, वहीत लिहायचे, हवामानखात्याच्या मोठ्या ऑफिसला आकड्यांची तार करायची. निरीक्षक म्हणून नेमणूक ह्यांची. आज दहावा दिवस, वाचते मी. ही गोष्ट गुप्त आहे. फक्त मला, ह्यांना, सासूबाईंना (इथून पुढे सा. बा., शाई वाचते) आणि तार न्यायला येणाऱ्या हसनमियाँना ठाऊक. म्हणजे थोडक्यात निम्म्या आळीला.

वाचन चोख. खरे सांगायचे तर ह्यांच्यापेक्षा चोख. हे एक डोळा मिटून खालून बघतात, अर्धा अंश तिथेच जातो. मला शिकवले ह्यांनीच, पण गुरूची खोड शिष्याने घ्यावी असे कुठे आहे?

७ मार्च, गुरु.

उकाडा. रात्रीसुद्धा एकाहत्तर अंश फॅरनहाइटच्या खाली उतरत नाही. आमची कुसुम सावर्ड्याला मामाकडे रमली आहे, शिमगा करूनच येणार म्हणे. बरे झाले. आजारी माणूस आणि आठ वर्षांची पोर एका घरात नको.

सा. बा.नी विचारले, "त्या आडव्या नळ्यांत काय असतं गो?"

म्हटले, एकीत पारा, थंडीवालीत दारू.

"दारू? तुळशीपासून दहा हातांवर?"

फार थंडीत पारा गोठतो, दारू गोठत नाही वगैरे सांगू लागले, पण त्यांनी ऐकून घेतले नाही. संध्याकाळी तुळशीला दिवा लावताना पिंजऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

१० मार्च, रवि.

सकाळी पश्चिमेला फार उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग. दुपारपर्यंत सगळे आभाळ दुधाळ. रोजचा खारा वारा आलाच नाही. दक्षिणेकडून कोंदट झुळूक, अंगाला चिकटणारी. हे लक्षण मला आवडले नाही. म्हणजे आवडले, कारण ओळखता आले.

हसनमियाँना सांगितले, उद्या-परवा हवा बिघडणार. त्यांचा भाऊ मिरकरवाड्याचा, मासेमारीला होडी काढतो. सा. बा.नाही सांगितले, उद्या पापड वाळत घालू नका.

"फाल्गुनात पाऊस? शिमगा आलाय गो, नागपंचमी नव्हे."

चार शेर उडदाचे पापड. घालणारच म्हणाल्या. घाला.

११ मार्च, सोम.

पहाटे कावळा शिवला. नेमका आज. तीन दिवस पडवीत.

पिंजऱ्याचे काय, हा प्रश्न सा. बा.नीच सोडवला. पिंजरा सरकारचा, अंगणातला, वर त्यात दारू. त्याला कसला आलाय विटाळ. मात्र वही ओटीवर ह्यांच्या उशाशी, ती घरातली, तिला शिवायचे नाही. टाक, दौत, कागद सगळे आत. हे तापात, उठून बसायची ताकद नाही.

आकडा डोक्यात ठेवणे निरीक्षकाला शोभत नाही. पाणी तापवायच्या चुलीतला कोळसा घेतला आणि पडवीच्या भिंतीवर ओळी आखल्या. तारीख, नळ्या चार, वारा, ढग, पाऊस. तारेचा कागद आणि पेन्सिल हसनमियाँनी आपली दिली. त्यांना विटाळाचे काही नाही. पायरीवर ठेव, उचल, असे न करता सरळ हातात दिली, तेवढ्यानेही बरे वाटले.

सा. बा.: "शिमग्याला पालखी यायची घरी, आणि तू भिंतीला कोळसा फासलास."

संध्याकाळी. साडेचारला वारा पडला. झावळीसुद्धा हलेना. पाचच्या सुमारास मांडवी बंदराच्या बाजूला धूळ उठली, वारा एकदम वायव्येला फिरला आणि अंगावर काटा आला, थंडीने. पापड गोळा करायला सा. बा. एकट्या. मला हात लावता येत नाही, म्हणून उभी राहून नुसती सांगत होते, तो उडाला, तो माडाखाली गेला. फार चिडल्या. मी "सांगितलं होतं" असे म्हटले नाही. म्हणजे एकदाच म्हटले.

सव्वापाचला पहिला थेंब. भिंतीवर लिहिले.

१२ मार्च, मंगळ.

रात्रभर पाऊस. पावसाळ्यासारखा धो धो नव्हे, बारीक, तिरका आणि गार.

पाऊस मोजायच्या नरसाळ्याखालची बाटली भरली होती, पण मोजायचा सरकारी पेला घरात. मार्चात कोण पाऊस मोजतोय म्हणून तो ह्यांचा काडेचिराइताचा काढा मोजायला मीच घेतला होता. चूक माझी, कबूल. सा. बा.नी पेला उंबऱ्याबाहेर ठेवला. तीनदा धुतला तरी कडू वास जाईना. पाऊस अर्ध्या इंचाला थोडा कमी.

हसनमियाँ डोक्यावर गोणपाट घेऊन आले. "बाय, वाड्यात सुकत घातलेली मासळी सगळी भिजली. पन तुमी बोललात ता मी भावाला सांगितला. त्यानी होडी काय काढलान नाय. दुसरे दोगे गेलेले, ते रातचे कसेबसे आत आले."

हे सरकारच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आंब्याचा उरलासुरला मोहोर अंगणभर. सा. बा. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण दुपारी न मागता घोंगडी टाकली. लोकरीला विटाळ नाही.

१३ मार्च, बुध.

आभाळ लख्ख. उत्तरेचा वारा. पहाटे तोंडातून वाफ निघत होती, माझ्या आयुष्यात रत्नागिरीला प्रथमच.

आडवी थंडनळी: सत्तावन्न.

तीनदा पाहिले. नळीतल्या दारूचा धागा मध्येच तुटला तर ती खोटी थंडी दाखवते, हे ह्यांनीच शिकवलेले. धागा अखंड होता. शेजारची उभी सुकी नळी एकोणसाठ, म्हणजे साक्षीला शेजारीण आहे. शंका नाही. भिंतीवर ५७ लिहिले, नेहमीपेक्षा जरा मोठे. आपल्यासमोर काहीतरी पहिल्यांदा घडते आहे आणि ते आपल्याला वाचता येते, ह्याचा आनंद काय असतो ते कुणाला सांगू?

आतून ह्यांनी विचारले, "अगं, बाहेर खरंच थंडी आहे, का मलाच हीव भरलंय?"

म्हटले, दोन्ही.

१४ मार्च, गुरु.

न्हाले. घरात. आधी वही घेतली आणि भिंतीवरचे तीन दिवस एका बैठकीत उतरवून काढले. ताळा दोनदा केला.

अकराला तार आली. तेरा तारखेचा आकडा सदुसष्ट असावा, शेजारच्या बंदरांचे आकडे इतके खाली नाहीत, कोणी व कसा वाचला याचा खुलासा करा.

सदुसष्ट असावा म्हणे. असावा कसा? आहे तो आहे.

ह्यांनी उशीला टेकून खुलासा लिहिला. आकडा सत्तावन्नच असून तो मी स्वतः वाचला आहे. 'मी स्वतः' खाली रेघ. मी शेजारी दौत धरून उभी होते. बोलले नाही. तिथे चुकले.

१६ मार्च, शनि.

पत्र. वार्षिक तपासणीसाठी साहेब बावीसला बोटीने येत आहेत. नळ्या तपासतील, वही तपासतील. तेराचा आकडा शंकास्पद वाटला तर लाल शाईने खोडण्यात येईल, आणि वाचनात हयगय दिसली तर पिंजरा दुसऱ्या जबाबदार गृहस्थांच्या अंगणात हलवण्यात येईल.

दुसऱ्या जबाबदार गृहस्थांच्या. दिवसभर हे तीन शब्द डोक्यात.

रात्री ह्यांच्याशी खटका उडाला. हे म्हणतात, सदुसष्ट कबूल करून टाकू. घाईत सहाचा पाच झाला म्हणू. एक आकडा गेला तर काय होतं, पिंजरा तरी राहील.

मी म्हटले, तुम्ही पत्रात खोटं लिहिलंत ते लिहिलंत. आकडा खरा आहे, तो मी खोटा करू देणार नाही. पिंजरा गेला तर गेला.

"गेला तर तूच आधी रडशील."

रडेन. हे खरे आहे. पण खोटा आकडा ठेवून तो पिंजरा रोज सकाळी उघडायचा कुठल्या तोंडाने?

हे भिंतीकडे तोंड करून झोपले. भला माणूस आहे, भितो म्हणून असे बोलतो. मला राग आहे, पण फार नाही.

१८ मार्च, सोम.

पुन्हा उकाडा, जणू काही झालेच नव्हते. साहेब ह्या उकाड्यात येणार आणि सत्तावन्नवर विश्वास ठेवणार.

शिमग्याची सफाई. मी विहिरीवर गोधड्या धूत होते, तोवर सा. बा.नी गड्याकडून पडवीला चुना देऊन घेतला. लांबूनच पाहिले, पांढरी फटक. आकडे गेले. त्यांना सांगायला हवे होते, पण काय सांगणार होते? भिंतीवरचा कोळसा पुरावा म्हणून ठेवा? त्या हसल्या असत्या. जवळ गेले नाही. वाईट वाटले, उगाच लपवत नाही. मग मनाशी म्हटले, आकडा भिंतीवर नव्हता, हवेत होता. तेवढ्यावर जेवण गेले.

२० मार्च, बुध.

काल होळी. लाकडे आतून ओलीच, नुसता धूर. पालखी आली, नाचली, गेली. ह्यांना काल तापाच्या पाळीचा दिवस असून हीव भरले नाही. अशक्त आहेत, पण ताप नाही.

परवा साहेब येणार, आम्ही दोघेही तो विषय काढत नाही.

२२ मार्च, शुक्र.

सविस्तर लिहिते, एकेक शब्द.

साहेब साडेनऊला आले. पस्तिशीचे, चष्मा, बोलणे देशावरचे, मऊ. स्वतःची तपासलेली नळी कापसात गुंडाळून आणली होती. ती आमच्या थंडनळीशेजारी अर्धा तास टांगली. फरक नाही. दारूचा धागा भिंगातून पाहिला. अखंड. मी दाराआड, माझ्यामागे सा. बा.

पावसाचा पेला नाकाशी नेला. "हा कडू वास कसला?"

"काढा," हे म्हणाले. हे लपवाछपवीत अगदीच कच्चे आहेत.

कोकमाचे सरबत घेऊन साहेब वहीकडे वळले. अकरा, बारा, तेरा ह्या तीन ओळींवर बोट ठेवले. "मास्तर, बाकीच्या दिवसांची शाई वेगवेगळी, ह्या तीन ओळींची एकच. हे एका बैठकीत लिहिलेलं आहे. आणि तारेचे मूळ कागद मी येताना तारऑफिसात पाहून आलो. अक्षर हेच, पण तुमच्या पत्रातलं अक्षर हे नव्हे."

साहेबांनी बोट पुन्हा अकरावर नेले.

"बरं, अकराला वारा आधी फिरला की पाऊस आधी आला?"

अकराला ह्यांना शुद्ध नव्हती. "संध्याकाळी आला," म्हणाले. कपाळावर घाम. माणूस तापातून उठलेला, खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेला. ते पाहवेना.

बाहेर आले. पदर सावरला एवढेच, बाकी काही ठरवले नव्हते. म्हटले, "वारा आधी. पाचच्या सुमारास, वायव्येला. सव्वापाचला पहिला थेंब. ह्यांना ताप होता. महिनाभर मीच वाचते आहे, तेराचा आकडाही माझा. धागा पाहिला होता, सुकी नळी एकोणसाठ होती. पत्र ह्यांनी लिहिलं ते माझ्या काळजीपोटी."

साहेब उभे राहिले. मी आले म्हणून की आश्चर्याने, सांगता येत नाही. "मग वाचला तेव्हा लिहिला कुठं?"

"भिंतीवर. पडवीच्या."

"भिंतीवर का?"

कोण सांगणार? हे जमिनीकडे बघतात, मी साहेबांच्या बुटांकडे. सा. बा. मागून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ती बाहेरची होती हो. वही घरातली. मग लिहील कुठे?"

साहेबांचे कान लाल झाले. "असं," म्हणाले. त्यांच्याही घरी हेच असणार. "दाखवता येईल?"

म्हटले, शिमग्यासाठी चुना दिला.

"चुना दिला," सा. बा. म्हणाल्या, "पण सगळा नाही. या इकडे."

पडवीत भिंतीला दोन मोठी सुपे टांगलेली. चार दिवस मी येता-जाता पाहते आहे, कधी वाटले नाही इथे सुपे कशाला. त्यांनी एक काढले, दुसरे काढले. मागे भिंतीचा हातभर तुकडा जुना, मळका, आणि त्यावर माझे तीन दिवस. ओळी, तारखा, सव्वापाच, आणि तो मोठा ५७. भोवताली चुना नीट कड धरून थांबवलेला.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "आजी, हे ठेवलंत कशाकरता? ह्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला वाचता येत नाही," सा. बा. म्हणाल्या. "जे वाचता येत नाही ते पुसू कशी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आले ते सगळ्यांनी पाहिले. पाहू दे.

साहेबांनी तुकडा जसाच्या तसा टिपून घेतला, रेघांसकट. मग म्हणाले, "आकडा राहील. कोणी खोडणार नाही, ते माझ्याकडे. पण नेमणूक एकाची आणि डोळे दुसऱ्याचे, हे मला वर कळवावं लागेल. काय ठरेल ते मी सांगू शकत नाही. बाईमाणसाची नेमणूक झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आणि मास्तर, ते खुलाशाचं पत्र. नवीन लिहून द्या, खरं."

ह्यांनी तिथेच बसून लिहिले. ह्या वेळी दौत मी धरली नाही, ह्यांनी स्वतः धरली.

२३ मार्च, शनि.

सकाळी हसनमियाँ: "काय झाला बाय? पिंजरा ऱ्हातो ना?"

म्हटले, आकडा राहिला. पिंजऱ्याचे अजून ठरायचे आहे.

"मग निम्मा काम झाला."

सा. बा.ना विचारले, मला आधी का सांगितले नाहीत? चार दिवस मी जीव टांगून होते. म्हणाल्या, "तू तरी पापडांच्या वेळी एकदा सांगून थांबलीस का? अजून दोन दिवस टोचत होतीस. मग तूही राहा थोडी टांगून." मग थोड्या वेळाने, तांदूळ निवडता निवडता, "सत्तावन्न कुठला गो त्यातला?" पडवीत नेऊन दाखवला. पाच आणि सात. त्यांनी हवेत बोटाने गिरवून पाहिले. सात उलटा काढला.

२६ मार्च, मंगळ.

कमीत कमी बाहत्तर. सा. बा. आठ वाजता पिंजऱ्यापाशी हजर. दारूवाली नळी कुठली ते विचारले आणि दोन हात लांब उभ्या राहिल्या. आज सात नीट आला.

३१ मार्च, रवि.

महिन्याचा तक्ता पाठवायचा दिवस. ऑफिसचे उत्तर नाही. दोन डाकेच्या बोटी येऊन गेल्या.

ह्यांनी ओटीवर बसून तक्ता उतरवला, मी आकडे वाचून दाखवले. तेरा तारखेशी आलो. ह्यांनी सत्तावन्न लिहिले आणि क्षणभर टाक उचलला नाही. मग म्हणाले, "मी त्या दिवशी सदुसष्ट म्हणालो."

म्हटले, हो.

"लिहिलं असतं तर मला ते आयुष्यभर दिसलं असतं."

खाली शेवटचा रकाना, निरीक्षकाचे नाव. दर महिन्याला हे आधी तोच भरतात, ठसठशीत. आज त्यांनी आपले नाव लिहिले, पुढे कंसात 'एक ते चोवीस आजारी होतो' असे लिहिले, आणि तक्ता वळवून माझ्यापुढे सरकवला. टाकही.

म्हटले, हे बघून ते पिंजरा उद्याच उचलतील.

"उचलतील किंवा नाही उचलणार. पण चोवीस दिवस कुणीतरी वाचलं, ते नाव नको?"

माझे नाव मी सरकारी कागदावर कधी लिहिलेले नाही. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आले. 'वाचले: उमा.' आडनाव लिहायला जागा उरली नाही.

पाकीट बंद करून ठेवले आहे, उद्या आठला हसनमियाँ नेतील. गुढीपाडवा गुरुवारी, त्याआधी सबंध भिंत पांढरी करायची असे सा. बा. सकाळी म्हणत होत्या. आता पडवीत जाऊन पाहिले तर सुपे परत जागच्या जागी टांगली आहेत. विचारले, तर म्हणाल्या, उत्तर येईपर्यंत राहू दे.